इंग्रजीच्या तासाला 'त्यांचं हायस्कूल, आपलं हायस्कूल': तुलना करायची की नाही?

खडूची_धूळ (धागाकर्ती)

सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. सहामाहीनंतर नववीवर एक प्रयोग केला. आठ तास घेतले, विषय एकच: जपान, फिनलंड आणि अमेरिकेतल्या आपल्या वयाच्या मुलांची शाळा आणि आपली शाळा.

कारण सांगते. आमची मुलं 'चेंज द डिग्री' झोपेतसुद्धा करतात. 'मुंबई इज द बिगेस्ट सिटी' म्हणायचा अवकाश, 'नो अदर सिटी इज अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई' हजर. पण तुझ्या शाळेत आणि मामेभावाच्या शाळेत फरक काय, असं विचारलं की 'माय स्कूल इज गुड' म्हणून गाडी थांबते.

मग फळ्यावर चार रकाने आखले. पहिला आपला, तो मुलांनी भरायचा. काय करावं लागतं, काय चालतं, काय करायचं नाही, काय नाही केलं तरी चालतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत मुलं हमखास गोंधळतात, 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू' त्यांना एकच वाटतं. पण मराठीत 'बूट घालायचे नाहीत' आणि 'बूट घालावे लागत नाहीत' यात कुणी गोंधळत नाही. जपानमध्ये बाहेरचे बूट दाराशी काढून आत वेगळे घालायचे, म्हणजे 'मस्ट नॉट'. आमच्याकडे बूट नसले, चप्पल असली तरी चालतं, म्हणजे 'डोन्ट हॅव टू'. दोन वर्षं डोक्यात न शिरलेलं त्या दिवशी शिरलं.

फिनलंडमध्ये 1948 पासून शाळेत जेवण मोफत आहे, आणि ते बारावीच्या वयापर्यंत मिळतं. हे सांगितल्यावर एका मुलीने आपणहून लिहिलं: 'वी गॉट खिचडी टिल एट्थ. नाऊ वी ओन्ली गेट द स्मेल.' (पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीचा वर्ग नेमका स्वयंपाकखोलीला लागून आहे.)

यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोर्शन राहिला. दुसऱ्याचं, पोरांना न्यूनगंड देताय. तुम्हाला काय वाटतं?

जुना_मास्तर

मॅडम, तळमळ पोचली, तरी असहमत. अठ्ठावीस वर्षं हाच विषय शिकवला. दहावीच्या पेपरात 'व्ह्यू अँड काउंटर-व्ह्यू' आहेच, तिथे तुलना, विरोध, बाजू मांडणं सगळं येतं आणि त्याला मार्क आहेत. आठ तासांत तुमचे दोन धडे झाले असते.

दुसरं, जपानची माहिती तुम्ही आणली कुठून? यूट्यूबवरूनच ना? म्हणजे एका शाळेचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून सगळ्या देशाबद्दल वाक्यं लिहायची. 'जॅपनीज स्टुडन्ट्स आर व्हेरी डिसिप्लिन्ड.' हे इंग्रजी झालं, पण ज्ञान झालं का? एक जपानी पोरगा वर्गात मागच्या बाकावर झोपत असेल की नाही?

परसातली_तुळस

जुना_मास्तर +१. वर न्यूनगंड म्हटलंय तो खराच आहे. माझ्या भाच्याच्या वर्गात असाच एक तास झाला होता. अमेरिकेतली पिवळी बस, लॉकर, कॅफेटेरिया, सगळं पीपीटीवर. घरी येऊन म्हणतो, 'आपल्याकडे काहीच नाही.' आपल्याकडचा रकाना 'नो लॉकर, नो बस, नो कॅफेटेरिया' असा भरला होता त्याने. तुलनेच्या नावाखाली उणिवांची यादी.

हडसनपलीकडची

न्यू जर्सीहून. मुलगी इथे अकरावीत आहे, म्हणजे 'ज्युनिअर'. गंमत बघा, तिची पुण्यातली मावसबहीण त्याच इयत्तेत आणि ती 'कॉलेजात'. दोघी पहिल्यांदा ऑनलाइन बोलल्या तेव्हा माझ्या लेकीला वाटलं, ताई अठरा-एकोणीसची असणार. आपल्याकडे हायस्कूल दहावीला संपतं, इथे बारावीला. तेव्हा मॅडम, आधी 'हायस्कूल' याच शब्दाची तुलना करा.

पुस्तकी अमेरिकेबद्दल जुना_मास्तरांशी सहमत. 'अमेरिकेत सोळाव्या वर्षी मुलं गाडी चालवतात' असं सगळीकडे छापलेलं असतं. आमच्या राज्यात एकट्याने चालवायचं लायसन्स सतराव्या वर्षी मिळतं. देशात तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्या घरांवरच्या करातून येतो. म्हणजे गाव बदललं की शाळा बदलली. लॉकर आहेत, पण माझी लेक वापरत नाही, दिवसभर सगळं ओझं पाठीवर. तुमच्यासारखंच दप्तर.

पण यावर उपाय तुलना बंद करणं हा नाही. 'अमेरिकन शाळा' नको, 'या एका मुलीचा मंगळवार' घ्या.

स्टुटगार्टचा_सदू

आमच्याकडचा एक किस्सा. मुलाने आजोबांना फोनवर सांगितलं, 'गणितात एक मिळाला.' आजोबा दोन मिनिटं गप्प. मग, 'असू दे रे बाळा, पुढच्या वेळी अभ्यास कर.' जर्मनीत 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे सर्वात वाईट, हे समजवायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास इंग्रजीत घालवला असता तर बोर्डाच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त भाषा आली असती.

एरवी इथलं सगळं गोड नाही. चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, दहाव्या वर्षी. वर्गात हे सांगितलं तर न्यूनगंड येणार नाही, उलट दहावीपर्यंत सगळे एकाच बाकावर बसतात हे मुलांना पहिल्यांदा दिसेल.

चावडीवरचा

वरती झाडलोटीचा विषय कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. जपानी पोरांनी वर्ग पुसला की आपण संस्कार म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करतो. आपल्याकडे पोरांच्या हातात झाडू दिसला की पेपरात बातमी. दोन्ही बरोबर आहेत! तिथे पाळी सगळ्यांना येते. आपल्याकडे झाडू कुणाला दिला जायचा आणि संडास धुवायला कुणाला पाठवायचे, हे माझ्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. फक्त 'दे क्लीन, वी डोन्ट क्लीन' अशी वाक्यं करून घेणार असाल तर तुलना नकोच. 'हू क्लीन्स?' हा प्रश्न वर्गात विचारायची तयारी असेल तर करा.

खडूची_धूळ

@परसातली_तुळस, म्हणूनच पहिला रकाना आपला. शिवाय त्यात 'नो' ने सुरू होणारं वाक्य लिहायचं नाही असा नियम ठेवला होता. त्यामुळे परिपाठ आला, एसटीचा पास आला. परिपाठ इंग्रजीत सांगताना जी धमाल झाली! 'प्रेयर' म्हटलं तर प्रतिज्ञा सुटते, 'असेंब्ली' म्हटलं तर सुविचार, बातम्या, दिनविशेष सुटतात. शेवटी एकाने लिहिलं, 'परिपाठ इज स्कूल बिफोर स्कूल, स्टँडिंग.'

@चावडीवरचा, 'हू क्लीन्स' विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

कोर्टकचेरी

प्रतिज्ञेवरून आठवलं. अमेरिकेत शाळेत झेंड्याला वंदन करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1943 मध्ये दिला. आपल्याकडे 1986 मध्ये केरळच्या तीन भावंडांचं प्रकरण आलं. राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने काढलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं. दोन्हीकडची मुलं 'यहोवाचे साक्षीदार' या एकाच पंथाची. 'हॅव टू' शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण शाळेत चालेल का, ते तुम्ही बघा.

अर्धवट_विद्वान

मुळात देशच कशाला? गडचिरोलीतली आश्रमशाळा आणि पुण्यातली सीबीएसई शाळा यांत जेवढं अंतर आहे तेवढं पुणे आणि न्यू जर्सीत नसेल. तुलना करायचीय ना, मग घरची करा.

खडूची_धूळ

बिनतोड मुद्दा, पण इंग्रजीच्या तासाला अडतो. आश्रमशाळेतल्या मुलीशी माझी मुलगी मराठीत बोलेल, आणि बोलावंच. इंग्रजी घशातून निघायला समोर मराठी न येणारं माणूस लागतं, ज्याला खिचडीचा वास इंग्रजीतच सांगावा लागेल.

स्टुटगार्टचा_सदू

आणि दक्षिण कोरिया विसरू नका. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, आवाज नको म्हणून. तुमच्या पोरांना सांगा, आपल्या पेपराच्या वेळी बाहेर काय काय चालू असतं ते लिहा.

परसातली_तुळस

लग्नाचा बँड! माझ्या बारावीच्या इंग्रजीला होता.

जुना_मास्तर

पोर्शनचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही, याची नोंद घ्यावी. 'बूट घालायचे नाहीत' आणि 'घालावे लागत नाहीत' एवढं मात्र सोमवारी माझ्या वर्गात वापरणार. जपान तुमच्याकडेच राहू द्या.