काकाजीले टीयू पाहाले न्यायचं आहे, तेही लहान विमानानं. जमते का?

वेचणीवाला, घाटंजी (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न ऐकून हसू येईन. हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

माझे काकाजी नौदलात होते. आमच्या इकडं समुद्र म्हणजे वाघाडीचं धरण. अशा गावातून हा माणूस १९७४ मध्ये अठराव्या वर्षी भरती झाला, अन् जहाजावर न जाता विमानाच्या इंजिनांपाशी गेला. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून टीयू-१४२ ही पाणबुड्या शोधणारी मोठी विमानं आली, गोव्यात दाबोळीले उतरली, तेव्हा काकाजी तिथं होते. १९९२ मध्ये ती विमानं तमिळनाडूत अरक्कोणमले गेली, तर त्यांच्यामागं काकाजी गेले अन् काकाजीच्या मागं काकू. काकू अजूनही तमिळमध्ये भाजीचा भाव पाडू शकते. घाटंजीच्या बाजारात त्याचा उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.

डावा कान तिकडंच ठेवून आलो, असं काकाजी म्हणतात. जेवताना कोणा पाहुण्यानं विमानाचा विषय काढला की ते दोन ताटं समोरासमोर उभी धरतात. एक उजवीकडं फिरवतात, दुसरं डावीकडं. एका इंजिनावर दोन पंखे, एकमेकाच्या उलटे फिरणारे. इंजिनं चार, पंखे आठ, एकेकाले चार पाती, एकूण बत्तीस. तोवर ताटातलं वरण भिंतीवर उडते, काकू ओरडते, अन् विषय संपते.

२०१७ मध्ये ही विमानं सेवेतून गेली. त्यातलं एक विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर उभं करून त्याचं संग्रहालय केलं आहे. पोरानं मोबाइलवर फोटो दाखवला. काकाजीनं चश्मा लावला, फोटो मोठा केला, पाती मोजली, अन् म्हणाले, "बराबर आहेत." एवढंच. मग उठून गोठ्यात गेले. तेव्हाच मी ठरवलं, यांले तिथं न्यायचं.

आता मुद्दा. माझे साळेबुवा नागपुरात राहतात. त्यांच्याकडं प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, अन् दोघा मित्रांनी मिळून घेतलेलं चार सीटचं सेसना १७२ आहे. ते म्हणतात, "पेट्रोल माझं, कागद माझे. तारीख अन् माणसं तुम्ही ठरवा." पण हा माणूस कोणत्याही गोष्टीले "होऊन जाते" म्हणते. लग्नात मांडव पडला तेव्हाही "होऊन जाते" म्हणाले होते. म्हणून तुम्हाले विचारून राहिलो.

साळेबुवा, काकाजी, काकू अन् मी, असे चौघं बसू का? यवतमाळच्या धावपट्टीवरून आम्हाले उचलता येईन का, की नागपूरलेच जावं लागते? काकाजी सत्तरीचे, शुगर आहे, दर दीड तासानं लघवीले जावं लागते. विमानात काय करावं? अन् दिल्ली किंवा गोव्याचं संग्रहालय जास्त चांगलं आहे का? मले कापूस समजते, विमान नाही.

लालपरी, वणी

काहून बाप्पा एवढा उपद्व्याप? गोंदियावरून समता एक्सप्रेस पकडा, झोपा, उतरलं की समुद्र. डब्यात संडास हाये, चहा हाये, अन् म्हाताऱ्याले पाय लांब कराले जागा हाये. त्या डबड्यात चार माणसं कोंबून बस्तरच्या जंगलावरून नेता, इंजिन एकच. बंद पडलं तं खाली उतरसाल कुठी? सागाच्या झाडावर?

वेचणीवाला

लालपरी भाऊ, रेल्वेनं काकाजी तीस वर्षं फिरले. रेल्वेचं नाव काढलं तर ते म्हणतात, "मले काय नवीन दाखवतो?" विमानाखाली अर्धं आयुष्य गेलं त्यांचं, पण विमानातून उडाले फक्त दोनदा, तेही मागं सामानासोबत, खिडकी नसलेल्या जागी. त्यांले पुढच्या सीटवर बसवायचं आहे.

जुनी धावपट्टी, नागपूर

मी बरीच वर्षं पोरांना उडायला शिकवलं आहे. तुमच्या साळ्यांना मी ओळखत नाही, पण "होऊन जाते" म्हणणारे पायलट खूप पाहिलेत. त्यांच्या हाताखाली कागद-पेन्सिल द्या आणि पुढचं गणित करायला लावा.

त्यांचं विमान १७२ एस असेल तर उड्डाणाच्या वेळी एकूण वजन ११५७ किलोच्या वर जाता कामा नये. रिकामं विमान साधारण ७७० किलो धरा. नेमका आकडा त्या विमानाच्या वजनाच्या कागदावर असतो, तोच खरा. उरले ३८७. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं पेट्रोल २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. उरले २४३ किलो. यात माणसं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, चपला, सगळं आलं. चौघांची वजनं तुम्हीच टाका. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं बसतात असं नाही. हे लोकांना पटतच नाही, कारण कारमध्ये पाच सीटवर सात बसतात आणि कार चालते.

पेट्रोल कमी भरून चौथा माणूस घ्यावा, असं साळेबुवा म्हणतील. म्हणू देऊ नका. नागपूर ते विशाखापट्टणम सरळ रेघेत पावणेसहाशे किलोमीटर आहे. हे विमान ताशी दोनशेच्या आसपास जातं आणि तासाला ३५ लिटरपर्यंत पितं. पण ती सरळ रेघ गडचिरोली-बस्तरवरून जाते, आणि लालपरींचा सागाच्या झाडाचा मुद्दा चुकीचा नाही. रायपूरला उतरून जा. नागपूर-रायपूर २८० किलोमीटर, म्हणजे दीड तास. तुमच्या काकांची वेळही तीच आहे. पुढे रायपूर-विशाखापट्टणम सव्वाचारशे किलोमीटरच्या आत, दोन तासांच्या थोडं वर. त्या टप्प्याआधी काकांना चहा देऊ नका आणि झाकणाची बाटली सोबत ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही सगळ्यांनी केलं आहे.

दुसऱ्या टप्प्यात पूर्व घाट आडवा येतो. कोरापुटकडचा देवमाळी डोंगर १६७२ मीटर, म्हणजे साडेपाच हजार फूट, आणि तो तुमच्या वाटेच्या अगदी जवळ आहे. साडेनऊ हजार फुटांवरून जा. ढग खाली असतील तर रायपूरलाच मुक्काम करा. ढगाखालून डोंगर ओलांडायला निघालेल्यांच्या गोष्टी आम्ही वर्गात सांगायचो, आणि त्या गोष्टी सांगायला ते स्वतः नसायचे.

मे महिन्याचा विचारही नको. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, पण ४५ अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. इंजिन दमतं, धावपट्टी जास्त लागते, चढाई रेंगाळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे वादळं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ थेट विशाखापट्टणमवर आलं होतं. संक्रांतीनंतर जा. सकाळचं धुकं उठू द्या, मग निघा, आणि उजेड असताना उतरा.

कागदांचं साळेबुवांना माहीत असेलच, तरी तुम्ही विचारा. फ्लाइट प्लॅन भरून एडीसी आणि एफआयसी हे दोन नंबर घेतल्याशिवाय चाक हलवायचं नाही. एफआयसी हा उड्डाण माहिती केंद्राचा नंबर, एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. ती नसेल तर रडारवर तुम्ही अनोळखी विमान. विशाखापट्टणमचा विमानतळ हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस डेगा. तिथे उतरायची आणि विमान रात्रभर ठेवायची परवानगी बरीच आधी मागा, आणि तळावर मोबाइल खिशात ठेवा, फोटो अजिबात नाहीत. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, सगळीकडे मिळत नाही. मोठ्या विमानतळावर जेटचं इंधन वाहतं, ते याला चालत नाही. पिंप कुठे मिळणार हे पक्कं झाल्याशिवाय तारीख ठरवू नका. आणि साळ्यांना भाडं म्हणून एक रुपयाही देऊ नका. प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. गेल्या ९० दिवसांत त्यांनी किमान तीन उड्डाणं आणि तीन उतरणं केली आहेत का, तेही लॉगबुकात पाहा. तोंडी नको, वहीत.

यवतमाळची पट्टी सोडा. चढ-उतार एक जास्त, परवानगी एक जास्त. नागपूरपर्यंत गाडीनं या.

दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, १९६७ पासून. नॅट, स्पिटफायर, आपलं मरुत, सगळं पाहण्यासारखं. पण नागपूरहून साडेआठशे किलोमीटर, जानेवारीत दाट धुकं, आणि दिल्लीच्या गर्दीत तुमचं १७२ म्हणजे महामार्गावर बैलगाडी. गोव्यात बोगमाळोचं नौदलाचं संग्रहालय १९९८ चं, तिथे सी हॉक आणि अलिझे आहेत. तेही अंतर तेवढंच, आणि दाबोळीला आठवड्यातल्या सकाळी नौदलाचा सराव असतो. शिवाय काकांचं विमान विशाखापट्टणमला आहे. प्रश्न कुठे उरला?

चंद्रपूरची लेक, विशाखापट्टणम

दादा, मी मूळची बल्लारपूरकडची, लग्न होऊन इथं अकरा वर्षं झाली. घरी कोणी पाहुणा आला की त्याला टीयू दाखवायला नेणं हे माझं काम, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस मला ओळखतो.

आर के बीचवर, रस्त्याच्या अलीकडे विमान आणि पलीकडे वाळूत कुरसुरा पाणबुडी. पहिल्यांदा पाहाल तेव्हा विमान एवढं लांब असेल असं वाटत नाही. त्रेपन्न मीटर. आपल्या एसटीच्या चार-पाच गाड्या एकामागं एक लावा, तेवढं. आधी एका दालनात सुटे भाग मांडले आहेत: इंजिन, पात्यांचा पंखा, आणि पाणबुडीचा आवाज ऐकायला समुद्रात टाकायचे ते सोनोबॉय. मग विमानाच्या पोटात चढायचं. आत जागा अरुंद आहे, डोकं सांभाळावं लागतं. काकांच्या गुडघ्याचं काय ते सांगा. चढायला पायऱ्या आहेत, घाई करू नका, मागचे लोक ढकलतात.

सोमवार टाळा. इतर दिवशी दुपारून जा, उन्हं कलल्यावर. संध्याकाळी दिवे लागले की पाती चमकतात. विमानतळावरून पाऊण तास धरा. पाणबुडीत काकूंना नेऊ नका. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून पाय टाकून, वाकून जावं लागतं. माझ्या सासूबाई तिसऱ्या भोकात अडकल्या होत्या. पुढं जाईनात, मागं येईनात, आणि तेलुगूत जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही.

आणि एक. बाहेरच्या पाटीवर लिहिलं आहे तेवढंच आम्ही पाहुण्यांना सांगतो. काका ज्या दिवशी येतील त्या दिवशी मला कळवा. माझा मुलगा सातवीत आहे, त्याला मी शाळेतून लवकर आणीन.

वेचणीवाला

सर्वांचे आभार. काल रात्रीचं सांगतो.

जिनिंगवर कापसाच्या गाठी तोलायचा काटा आहे. दिवाणजी ओळखीचे, रात्री नऊले आम्ही सगळे तिथं गेलो. काकाजी ६४. काकू ५४, चपला काढून. चपला घालून तोला म्हटलं तर तिले राग आला. साळेबुवांनी नागपूरहून फोनवर "पंचाहत्तर" सांगितलं, मी ७८ धरलं. मी स्वतः ९१.

दिवाणजीनं पावतीच्या मागं बेरीज केली. सामान न धरता २८७. जुनी धावपट्टी साहेबांचा आकडा २४३. दिवाणजीनं माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "भाऊ, क्वालिटी चांगली हाये, पण वजनात बसून नाही राहिले."

काकू म्हणे, मी घरी राहते. काकाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पावती घेतली, माझ्या नावापुढं काट मारली अन् परत दिली. तिघांचे १९६. मी बारा किलो सामान धरलं, २०८. पस्तीस किलो उरतात.

तर असं ठरलं: साळेबुवा, काकाजी पुढं, काकू मागं. मी समता एक्सप्रेसनं, एक दिवस आधी. लालपरी भाऊ, आता हसा. तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे तुरीची मळणी होऊन जाईन. अ‍ॅव्हगॅसचा फोन साळेबुवांनी अजून केलेला नाही, "होऊन जाते" म्हणाले. लॉगबुकाचा फोटो मात्र मी मागवला. नव्वद दिवसांत दोनच उतरणं आहेत. तिसरं येत्या रविवारी करून फोटो पाठवा म्हटलं.

ताई, तुमच्या पोराले आणा. काकाजीचे गुडघे ठीक आहेत, फक्त डाव्या बाजूनं बोलू नका म्हणा.

जुनी धावपट्टी

वही पाहिलीत, चांगलं केलं. एक विसरला आहात. संक्रांतीनंतरचा प्रवास आहे, काकू तिळाचे लाडू नेणार. किती किलो?

वेचणीवाला

पाच. पण ते रेल्वेनं माझ्यासोबत येऊन राहिले. काकूचा साळेबुवांवर भरवसा नाही, रायपूरलेच डबा रिकामा होईन म्हणते.