व्हिडिओ टाकण्याआधी दुसऱ्यांची चॅनेलं धुंडाळावीत का?

सुईदोरा: वहिनीचं शिवणकामाचं यूट्यूब चॅनेल आहे. आता कटोरी ब्लाऊजच्या कटिंगचा व्हिडिओ करतेय. म्हटलं, आधी बाकीच्यांनी काय टाकलंय ते बघ, मग कापडाला कात्री लाव. तर म्हणे, "दुसऱ्याचं बघितलं की माझं काही उरत नाही." मला हे पटत नाही. मी पाहिलेले बहुतेक व्हिडिओ ३४ च्या मापाचे. खाली बायका विचारतायत, "ताई, ४० ला मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) किती धरायचा?", "अस्तराला शिलाई वेगळी सोडायची का?" उत्तराचा पत्ता नाही. विषय आयता समोर पडलाय की!

नाक्यावरचा: मी वहिनींच्या बाजूने. या रिसर्चनेच वाट लावलीय. एकाने थंबनेलवर लाल बाण काढला की सगळीकडे लाल बाण. आणि बाहेरून कळतं काय? व्ह्यूज. लोक कुठे कंटाळून उठले तो आलेख फक्त चॅनेलवाल्याला, त्याच्या यूट्यूब स्टुडिओच्या पानावर दिसतो. डिसलाइकचा आकडाही २०२१ पासून झाकलेला. म्हणजे दुकानाची पाटी बघून गल्ला मोजायचा.

सुईदोरा: अगदीच अंधार नाही. बऱ्याच व्हिडिओंत खालच्या पट्टीवर बोट नेलं की कुठला भाग जास्त वेळा पाहिला गेला ते दिसतं. एका व्हिडिओत कटोरीचा गोल आखतात तिथेच उंचवटा होता. तिथे हात भराभर चाललाय, बायकांना मागे जावं लागतंय.

नाक्यावरचा: किंवा सुरुवातीचं "नमस्कार मैत्रिणींनो" पुराण टाळून थेट तिथे उडी मारतायत. कशावरून ठरवलंत?

गावठी गणित: मोठ्या चॅनेलचे व्ह्यूज बघूच नका, ते नावावर चालतात. पाच हजार सबस्क्रायबरवाल्याचा एखादा व्हिडिओ लाखावर गेला असेल तर तो विषयाच्या जोरावर. आणि शोधायचं ते ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी उघडून, लॉगिन न करता. नाहीतर यूट्यूब तुमच्याच आवडीचं पुढे करतं.

टाचणी: मी शिवण क्लास घेते. कॉमेंटवर विषय ठरवायला माझा ठाम विरोध. "४० चं माप सांगा" म्हणणारीला तयार आकडा हवा असतो. छाती ४० असलेल्या दोघींचे खांदे सारखे नसतात. एकीला बसणारा मुंढा दुसरीला काखेत काचतो, नाहीतर बाहीपाशी चुण्या पडतात. तक्ता दिलात तर व्ह्यूज येतील आणि ब्लाऊज उसवायला माझ्याकडे येतील. (आत्ताही येतातच.)

सुईदोरा: मग तोच व्हिडिओ करायचा: अंगावरून मुंढ्याचं माप कसं घ्यायचं, टेप कुठे सैल धरायची. टाचणीताई, बघा, कॉमेंट वाचल्या म्हणूनच हे सुचलं ना?

नाक्यावरचा: कॉमेंटवरून कुठे? तुम्ही तर ४० चं माप द्यायला निघाला होतात. हे सुचलं ते क्लास घेणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणून.