अनुभव धागा: आपल्या खाऱ्या वाऱ्याची, चढउतारांची ई-सायकल कशी असावी?

माझं घर हेदवीजवळ सड्यावर आहे आणि मी शिकवतो ती शाळा खाली खाडीच्या अंगाला. अंतर जेमतेम 7 किलोमीटर, पण सकाळी जेवढं उतरायचं तेवढंच दुपारी भर उन्हात चढायचं. 3 वर्षं ई-सायकल चालवतोय. सोडवत नाही, आणि जशी आहे तशी पुरतही नाही. ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" माझी अडचण निराळी आहे. ती गंजते, चढाला दम टाकते आणि बिघडली की दुरुस्त करणारा सापडत नाही. म्हणून हा धागा काढतोय. रेवसपासून रेडीपर्यंत कोणीही लिहा. उद्या कोणी आपल्या किनाऱ्यासाठीच सायकल बनवायला बसलं, तर त्याला काय सांगाल? जे स्वतः सोसलंय ते आधी लिहा.

सुरुवात मी करतो. सायकल, मी आणि दप्तर मिळून 100 किलो. 10 मीटरला 1 मीटर चढणारा रस्ता आमच्याकडे कोणाला जड वाटत नाही. तो ताशी 10 किलोमीटरने चढायचा तर नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे 270 वॉट लागतात. मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तरच परवाना आणि नोंदणी लागत नाही. म्हणजे चढाला पाय लावावेच लागणार, आणि माझी त्याला ना नाही. पण माझी मोटर मागच्या चाकात आहे. चढावर चाक हळू फिरतं, मोटर तापते आणि शेवटच्या वळणावर बंद पडते. मोटर पेडलपाशी असती तर तिचा जोर गिअरमधून गेला असता आणि लहान गिअर टाकून ती निवांत चढली असती. माझ्या सायकलीचा सेन्सरही पेडल फिरतंय एवढंच ओळखतो. पायाने किती जोर लावलाय हे ओळखणारा सेन्सर मी एकदा रत्नागिरीत एका मित्राच्या सायकलीवर अनुभवला. मागून कोणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटलं. तो हात मला हवाय.

बॅटरीची मात्र तक्रार नाही. 36 व्होल्ट 10 अँपिअर-तास, म्हणजे 360 वॉट-तास. 100 किलो वजन 100 मीटर उंच न्यायला 27 वॉट-तास लागतात, मोटरची गळती धरून पस्तीस-चाळीस. रोजच्या जाण्यायेण्याला एवढी रग्गड होते. जास्त मोठी दिली तर तिचंच वजन चढवावं लागेल.

हर्णैहून, आईच्या वतीने लेक लिहिते

माझी आई बंदरावरच्या लिलावातून मासे घेते आणि वाड्यांमधून विकते. आधी डोक्यावर पाटी असायची, मग रिक्षा आली. रिक्षाचं भाडं दिलं की हातात फार उरत नाही. दीड वर्षापूर्वी भावाने तिला ई-सायकल घेऊन दिली. ती आता 51 वर्षांची आहे आणि लुगडं नेसून चालवते, त्यामुळे दांडी नसलेली, मधे खोल वाकलेली फ्रेमच हवी. अशा सायकलींना मधे जागा नसते, म्हणून बॅटरी कॅरिअरखाली बसवतात. आणि आईची पाटी असते नेमकी कॅरिअरवर! बर्फ वितळतो, खारं पाणी ठिबकत ठिबकत थेट बॅटरीच्या सॉकेटवर येतं. पहिल्याच वर्षी पिना काळ्या पडल्या. दुकानदार म्हणाला, पाणी गेलंय, वॉरंटी नाही.

सायकल बनवणाऱ्याने फक्त पाऊस डोळ्यांसमोर ठेवला होता. मासे विकणाऱ्या बाईचा विचारच कुठे झालेला दिसत नाही. आईला हवंय ते असं: कॅरिअर 40 किलो तरी निर्धास्त पेलणारं, दोन पायांचा रुंद स्टँड, म्हणजे पाटी उतरवताना सायकल कलंडणार नाही. आणि हाताने ढकलत नेताना मोटरने हळूहळू साथ द्यावी, कारण धक्क्यावरून वर येताना भरल्या पाटीने बसून चढताच येत नाही. वेग नको. ताशी 15 सुद्धा तिला पुष्कळ.

मालवणहून, सायकल दुरुस्तीवाला

हर्णैच्या ताईंचं वाचून लिहायला बसलो. माझ्याकडे ई-सायकल येते तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, मोटर जळली. मोटर जळलेली मी क्वचित बघितली. बहुतेक वेळा कनेक्टर उघडला की आत हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं दिसतं. नाहीतर ब्रेकच्या लिव्हरमधला छोटा स्विच अडकलेला असतो. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून तो असतो. तो गंजून दाबलेलाच राहिला तर मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला वाटतं, ब्रेक लागलाय. मग मोटर फिरतच नाही. त्या स्विचची वायर काढून बघायला 2 मिनिटं लागतात. गिऱ्हाईक मात्र मोटरच्या खर्चाची धास्ती घेऊन आलेलं असतं.

माझ्या मनातली सायकल सांगतो. नट-बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे. 304 बाकी ठिकाणी चालतं, पण समुद्राच्या मिठाला 316 जास्त टिकतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ग्रीस न लावता आवळला, की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाऊन पांढरी भुकटी होते आणि बोल्ट फ्रेमलाच धरतो. 2 पावसाळे गेल्यावर मग तो काढायचा म्हणजे तोडायचाच. कारखान्यातूनच ग्रीस लावून आला तर किती सायकली वाचतील! कनेक्टरची तोंडं खाली वळलेली हवीत, म्हणजे पाणी आत साचणार नाही. ब्रेक ड्रमचे, झाकलेले. आमची तांबडी माती पावसात रिमवर बसली की रबरी गुट्टे आणि रिम दोन्ही झिजवते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सुटे भाग कुठेही मिळणारे असावेत. एका कंपनीची सायकल आली होती. कंट्रोलर तिचाच, प्लगही तिचाच, सेटिंग फक्त मोबाइलच्या ॲपवरून. ॲप चालायचं थांबलं. सायकल ठणठणीत होती, पण माझ्या हातात करण्यासारखं काही राहिलं नाही. 30 वर्षं मी चाकांचा आउट काढतोय, छर्रे बदलतोय. नवं शिकायला तयार आहे. आकृती द्या, प्लग साधा द्या, बाकीचं आम्ही बघतो.

घरी करण्यासारखं एक: वाळूवरून आलात की गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका. पाण्यापासून बचावाचा आयपी 67 हा दर्जा म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं. फवाऱ्याची परीक्षा निराळी असते, आणि खाऱ्या पाण्याची तर त्यात नसतेच.

दापोली तालुक्यातून, आशा कार्यकर्ती

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत कित्येक दिवस लाइट नव्हती. तेव्हा माझ्याकडे साधी सायकल होती, तीच चालवली. आता ई-सायकल आहे, पण ती भीती मनातून गेलेली नाही. म्हणून माझं मागणं एवढंच, की बॅटरी संपली तरी ती सायकल म्हणून चालली पाहिजे. माझी बॅटरीसकट 27 किलो आहे. बंद पडली की पेडल मारवत नाही, ढकलत न्यावी लागते. 18 किलोच्या आसपास मिळाली तर मी बाकी सगळं सोडून देईन.

दुसरं, बॅटरी डब्यासारखी हातात धरून नेता यावी. आरोग्य केंद्रात जनरेटर असतो, तिथे चार्ज करून आणता येईल. आणि तिला मोबाइलचं व दिव्याचं भोक असावं. भाचा म्हणाला, 360 वॉट-तासांवर 9 वॉटचा एलईडी दिवा तीसेक तास सहज जळेल. वादळाच्या त्या रात्री एका बाळंतिणीजवळ मी मेणबत्ती धरून बसले होते. एक दिवा असता तर काय झालं असतं हे मला कोणी सांगायला नको.

नागावहून, घरगुती निवास चालवणारे

आमच्याकडे सपाट. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ते, चढ नावाला. पेडलपाशी बसणारी मोटर आम्हाला नको, चाकातली स्वस्त आणि पुरेशी. फक्त टायर रुंद द्या. आणि घंटी मोठी, कारण मोटरचा आवाज येत नाही आणि वळणावर म्हातारी माणसं दचकतात. पाहुण्यांना एवढंच कळकळीने सांगणं, की ओल्या वाळूत, लाटेच्या कडेला चालवू नका. फोटो एका मिनिटाचा, बेअरिंग कायमचं जातं.

देवगड, आंबा बागायतदार

एप्रिल-मे मध्ये कातळावर दुपारी हात टेकवत नाही. तिथे सायकल उन्हात उभी केली की बॅटरीचं खोकं चुलीवरून उतरवल्यासारखं तापतं. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी हवी, ती उष्णता बरी सोसते आणि जास्त वर्षं चालते. जड आणि मोठी असते, ते मला मान्य. दापोलीच्या ताईंना हलकी हवी आणि मला टिकाऊ, म्हणजे दोन्ही गोष्टी एका सायकलीत बसतील असं दिसत नाही. घरी आल्यावर तास-दीड तास निवू देतो, मग चार्जिंगला लावतो. पडवीत, उघड्यावर. गवताच्या भाऱ्यांजवळ किंवा झोपायच्या खोलीत कधीच नाही. चार्जर निमूटपणे आपोआप बंद झाला पाहिजे, आणि लाइट वरखाली होते तेव्हा तग धरला पाहिजे. आमच्याकडे 3 चार्जर त्यातच गेले. पावसाळ्यात सायकल पडून असेल तर बॅटरी निम्मी भरून कोरड्या जागी ठेवतो. पूर्ण रिकामी ठेवली आणि गणपतीत काढली तर ती पुन्हा उठत नाही, हे एकदा पैसे मोजून शिकलो.

रत्नागिरीहून

आरे-वारेचा उतार रोज उतरतो. मला वाटायचं, उतारावर बॅटरी भरली जावी. हिशोब केल्यावर हट्ट सोडला. 100 मीटर उतरून मिळणार 27 वॉट-तास, त्यातले बरेचसे वाऱ्यात आणि ब्रेकमध्ये जाणार. हातात उरतील त्यातून फार तर किलोमीटरभर चालेल. त्यासाठी लागणारी गिअर नसलेली मोटर जड, आणि वरच्या सरांना जी अडचण आहे तीच चढाला देणारी. त्यापेक्षा ब्रेक चांगले द्या.

वेंगुर्ल्याहून, कॉलेजातली

रात्री दशावतार बघून परत येताना बॅटरी संपली आणि दिवाही गेला. दोन्ही एकाच वायरवर. पाऊस, कुडाच्या कुंपणामधली वाट, कुठे पऱ्या (ओहोळ) कुठे रस्ता काही दिसेना. शेवटची 5 टक्के बॅटरी मोटरला कधीच मिळू नये, ती दिव्यासाठी राखून ठेवावी. एवढा एक बदल. माझे आजोबा सायकल बघून म्हणाले होते, "माका धावूक नको, चढाक हात होयो." ते वाक्य सरांच्या हाताबद्दल वाचताना आठवलं.

हर्णैहून, पुन्हा

मालवणच्या काकांना विचारायचं होतं, बॅटरी कॅरिअरखालून काढून सीटच्या उभ्या नळीमागे बसवता येईल का?

मालवणहून

मागचं चाक थोडं मागे असेल तर येते, नाहीतर मडगार्ड घासेल. मोजून सांगा, नळी आणि टायर यांच्यात किती बोटं जागा आहे? तोवर पाटीखाली काठ असलेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा. त्याला डाव्या कोपऱ्यात भोक पाडून सलाइनची नळी लावा आणि ती चाकाच्या मागे, खाली सोडा. चेन उजवीकडे असते, तिकडे पाणी येता कामा नये.

हर्णैहून

4 बोटं आहे. नळी आज संध्याकाळीच लावते. आई विचारतेय, ट्रे धुवायला रोज निघेल असा बसवू ना?