मदत हवी आहे: मिनी लेथ सीएनसी करायचाय, बारीक आटे पाडायला कंट्रोलर कोणता?

नमस्कार मंडळी, (सीएनसी करायचाय म्हणजे लेथ संगणकाने चालवायचाय.)

मी चिंचवडला राहतो. चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त. घरी ७ बाय १४ चा मिनी लेथ आहे. गेली तीन वर्षं तो जवळजवळ फक्त दुर्बिणींसाठी चालतो. आमच्या ओळखीतली काही शाळकरी मुलं सहा इंची न्यूटनी दुर्बिणी बनवतात. आरसा मुलं स्वतः घासतात, धातूचं काम माझ्याकडे असतं: फोकसर, आयपीसचे बॅरल, कॅमेरा लावायचे अडॅप्टर.

अडचण आहे ती आट्यांची (थ्रेडची). सव्वा इंची आयपीसच्या फिल्टरला एम२८.५ बाय ०.६ (व्यास २८.५ मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ०.६ मिमी), दोन इंचीला एम४८ बाय ०.७५, कॅमेऱ्याच्या टी-रिंगला एम४२ बाय ०.७५. सगळी बारीक पिच, अॅल्युमिनियमची पातळ भिंत, आटे बहुतेक आतून, आणि तीन-चार मिलिमीटर गेलं की पुढे खांदा. माझ्या लेथचा लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) १.५ पिचचा. ०.७५ त्यात बरोबर दोनदा बसतो, त्यामुळे हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) कुठेही सोडला आणि धरला तरी चालतं. ०.६ मात्र अडीच वेळा बसतो. हाफ नट सोडला की पुढच्या वेळी टूल निम्म्या वेळा चुकीच्या खाचेत उतरतं. म्हणून नट धरूनच ठेवायचा, मोटार उलटी फिरवायची, आणि आत न दिसणाऱ्या खांद्याच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबायचं. दहा-बारा पास. गेल्या महिन्यात सलग तीन अडॅप्टर शेवटच्या पासला खांद्यावर आदळून गेले. हात पूर्वीसारखा झटकन थांबत नाही, हे मान्य करायला हवं.

म्हणून लेथ सीएनसी करायचा ठरवला. झेडला (लेथच्या लांबीच्या दिशेला) १६०५ आणि एक्सला (आडव्या दिशेला) १२०४ बॉलस्क्रू, नेमा २३ स्टेपर, ३६ व्होल्टचा पुरवठा, एवढं घेऊन झालंय. प्रश्न कंट्रोलरचा आहे. यंत्र मला कळतं. संगणकाची बाजू मी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून शिकलोय, तेव्हा कुठे चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

एका विक्रेत्याने 'लेथलाही चालतो, आटेही पडतात' असं सांगून ग्रबल (मोफत सीएनसी सॉफ्टवेअर) टाकलेला आर्डुइनो उनो बोर्ड दिला. सरळ टर्निंगला आणि टेपरला तो उत्तम चालला. आटे पाडायचा कोडच तो घेत नाही. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) किती फिरला हे वाचायची सोयच त्यात नाही, हे मला नंतर कळलं.

मग स्टेपच्या वेगाचा हिशेब मांडला. २०० स्टेपची मोटार, आठ मायक्रोस्टेप, म्हणजे फेरीला १६००. ५ मिमी लीडला मिलिमीटरमागे ३२० स्टेप. ६०० आरपीएमला ०.७५ पिच पाडताना झेड सेकंदाला ७.५ मिमी सरकतो, म्हणजे सेकंदाला २४०० स्टेप. ग्रबल ३० हजारांपर्यंत देतो. म्हणजे जाहिरातींत स्टेपच्या वेगाचे जे मोठमोठे आकडे असतात, त्यांचा माझ्या कामाशी संबंध नाही. मला हवाय तो स्पिंडल आणि झेड यांच्यातला मेळ. स्पिंडल आणि लीडस्क्रू जोडणारी गिअरची साखळी काढून टाकली की तिचं काम कंट्रोलरनेच करायला हवं.

सध्या तीन पर्याय डोळ्यासमोर आहेत. एक, मॅक३ (विंडोजवरचं सीएनसी सॉफ्टवेअर): ओळखीच्या दोघांकडे चालू आहे, शिकवायला माणूस आहे. दोन, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी (तसंच, पण लिनक्सवरचं). तीन, टीन्सी ४.१ या छोट्या बोर्डवर ग्रबलहाल (ग्रबलचाच पुढचा अवतार). स्क्रीनसकट येणारे चिनी कंट्रोलरही पाहिले, पण त्यांच्या माहितीपुस्तकांवरून आट्यांबद्दल माझं समाधान झालं नाही. कंट्रोलर आणि एन्कोडर (स्पिंडलचं फिरणं पल्समध्ये मोजणारा सेन्सर) मिळून पंचवीस ते तीस हजार घालायची तयारी आहे.

कुणी मिनी लेथवर प्रत्यक्ष ०.६ चे आटे पाडले आहेत का? आणि एन्कोडर किती पल्सचा घ्यावा?

प्रतिसाद १

काका, नमस्कार. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लहानसं युनिट आहे. मिनी लेथपेक्षा थोड्या मोठ्या मशीनवर चार वर्षं लिनक्ससीएनसी वापरतोय.

मॅक३ आता नव्याने घेऊ नका. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो, म्हणजे तुम्ही विंडोज ७ ला अडकून पडाल. त्याहून मोठी गोष्ट आट्यांची. तो स्पिंडलकडून फेरीला एकच इशारा घेतो. तुमचे आटे ३ मिमी लांब, पिच ०.७५, म्हणजे अख्ख्या पासमध्ये चार फेऱ्या आणि चारच इशारे. मिनी लेथची डीसी मोटार टूल लागलं की दबते. दोन इशाऱ्यांच्या मधे वेग पडला तर ते त्याला कळायचं कसं? जाड पिचला निभावतं, तुमच्या कामाला नाही.

लिनक्ससीएनसी एन्कोडरने मोजलेल्या स्पिंडलच्या स्थितीमागे झेड चालवतो. स्पिंडल दबला तर झेडही तेवढाच दबतो, आटा बिघडत नाही. अगदी गिअरसारखं. जी ७६ ला (आटे पाडायच्या आज्ञेला) पिच, खोली आणि शेवटची तिरकी बाहेर पडणी सांगितली की तो प्रत्येक पास इंडेक्सच्या (एन्कोडरच्या फेरीत एकदाच येणाऱ्या) खुणेपासून उचलतो आणि खांद्याआधी टूल स्वतः बाहेर काढतो. तुमचा मूळ त्रास तिथेच संपतो.

एन्कोडर कशाला जोडणार यावर पल्स ठरवा. थेट पॅरलल पोर्टला जोडणार असाल तर १०० पल्सच्या वर जाऊ नका. १००० पल्सचा एन्कोडर ६०० आरपीएमला सेकंदाला ४० हजार कडा (सिग्नलचे चढउतार, पल्समागे चार) देतो आणि सॉफ्टवेअरने वाचताना त्या निसटतात. मेसा कंपनीचं ७आय९६एस कार्ड (पल्स मोजणं आणि स्टेप देणं संगणकाऐवजी स्वतः करणारं) घेतलंत तर १००० चा खुशाल लावा. त्यात पाच मोटारींची सोय आहे आणि एक एन्कोडर इनपुट. बाहेरून मागवावं लागतं, वर सीमाशुल्क, पण मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

आणि एन्कोडर मोटारीवर लावू नका. स्पिंडलशी एकास एक, दातेरी पट्ट्यानेच. स्पिंडलच्या एका फेरीत इंडेक्सची खूण एकदाच आली पाहिजे.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. विजेची बाजू मी सांगतो, कारण माझे दोन महिने त्यात गेले. मिनी लेथचा स्पीड कंट्रोल भरपूर नॉइज सोडतो. एन्कोडर लाइन ड्रायव्हरवाला घ्या, म्हणजे प्रत्येक सिग्नलची उलटी जोडीही येते. केबल शील्डवाली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली, मोटारीच्या वायरींपासून लांब. माझ्याकडे एक पल्स जास्तीचा मोजला जायचा आणि आटा कधीतरी मधेच दुहेरी व्हायचा. मी टूलला दोष देत बसलो होतो.

इमर्जन्सी स्टॉपचं बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नका. कॉन्टॅक्टरमधून स्पिंडल आणि ड्राइव्ह दोन्हीची वीज तोडली पाहिजे. लाइट गेली तर काय होईल हेही आताच बघा. संगणक इन्व्हर्टरवर आणि ड्राइव्ह मेनवर असतील, तर लाइट आल्यावर स्क्रीनवरची जागा आणि टूलची जागा वेगळी असते. ड्राइव्हची वीज गेली की मशीन ऑफ होईल असा एक इनपुट जोडून घ्या.

प्रतिसाद ३

काका, थोडं वेगळं सुचवते. आतले आटे लेथवरच हवेत असं आहे का? मी छोट्या मिलवर थ्रेड मिलिंग करते. ६० अंशाचा एकाच दाताचा कटर भोकात उतरवायचा, खालून वर गोल फिरवायचा आणि एका वळशात बरोबर एक पिच वर न्यायचा. उजव्या आतल्या आट्याला जी ३ (घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायची आज्ञा). स्पिंडल वाटेल त्या वेगाने फिरू दे, मेळ घालायची गरजच नाही. म्हणजे तुमच्या कपाटातला ग्रबलचा बोर्डही हे करू शकतो, हेलिकल आर्क तो व्यवस्थित चालवतो. एकच कटर ०.६ ला आणि ०.७५ लाही चालतो. अगदी हलका कट असतो, पातळ भिंत दबत नाही. फक्त जॉब टेबलावर डायल लावून नीट सेंटर करायला हवा, नाहीतर कॅमेरा तिरका बसेल.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ताई, थ्रेड मिलिंग मी मोठ्या मशीनवर पाहिलं होतं, पण घरच्या मिलवर होईल हे डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडे मिल नाही. आमच्यातल्या एका मित्राकडे आहे, तीन अक्षांचा. हा बोर्ड त्याला देतो आणि एम४८ ची चाचणी तिथे करतो. बाहेरचे आटे आणि फोकसरची नळी लेथवरच करावी लागेल, म्हणून लेथला लिनक्ससीएनसीच.

काल रात्री लेटन्सी टेस्ट (संगणक वेळ पाळताना किती उशीर करतो हे मोजणारी) चालवली. लॅपटॉपवर आकडा लाखाच्या पुढे गेला, तो बाद. मुलाच्या जुन्या डेस्कटॉपवर दोन तास, मधे व्हिडिओ लावून, फाइली कॉपी करून, जास्तीत जास्त २८ हजार नॅनोसेकंद आला. दादा, मेसा कार्ड लावायचं तर एवढा चालेल ना? माझ्या वाचनाप्रमाणे मग स्टेप कार्डच देतं आणि संगणकाला मिलिसेकंदाला एकदाच बोलावं लागतं.

आणखी एक. स्पिंडलच्या मागच्या टोकाला नटाबाहेर फक्त १२ मिमी जागा आहे, आणि सळई आरपार जाऊ द्यायची असल्याने एन्कोडर थेट मागे बसवता येत नाही. नटाऐवजी दातेरी पुलीलाच आतून आटे पाडून ती नट म्हणून आवळायची असा विचार आहे. पण ती बेअरिंगचा ताणही धरेल आणि पट्टाही ओढेल. स्पिंडल उलटा फिरवताना सैल होऊ नये म्हणून ग्रब स्क्रू पुरेल, की मागे पातळ लॉक नट द्यावा? कुणी असं केलं असेल तर फोटो टाका.