नवे बांधलेले पडके बुरूज : युरोपीय बागांतील ‘फॉली’विषयी शंका

प्रश्न (धुळे)
आमच्या तालुक्यातील एका बागायतदारांना आमराईच्या टोकाला अर्धा ढासळलेला बुरूज नव्याने बांधून हवा आहे आणि त्याचे रेखाटन माझ्याकडे आले आहे. अठराव्या शतकात युरोपातील जमीनदार आपल्या बागांमध्ये ‘फॉली’ नावाच्या अशा शोभेच्या वास्तू उभारत, हे मला ठाऊक आहे. परंतु लळिंगचा खरा किल्ला महामार्गावरूनच दिसत असताना खोटे पडके बांधकाम करण्यामागे कोणता विचार असावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (अमळनेर)
सर, या वास्तूंचा विचार घराच्या खिडकीपासून सुरू होतो. इटली पाहून परतलेल्या इंग्रज धनिकांना क्लोद लोरँ यांच्या निसर्गचित्रांतील भग्न मंदिरांसारखे दृश्य स्वतःच्या जमिनीवर हवे असे. इंग्लंडमधील हॅग्ली येथे वास्तुरचनाकार सँडरसन मिलर यांनी १७४७-४८ च्या सुमारास उभारलेल्या किल्ल्याचा एकच बुरूज पूर्ण उंचीचा आहे, बाकीचे मुद्दाम अपुरे सोडलेले आहेत. तिथल्याच बाथ शहराजवळचा १७६२ चा ‘शॅम कॅसल’ (खोटा किल्ला) तर नुसती दर्शनी भिंत आहे. तिच्यामागे खोलीसुद्धा नाही. तेव्हा मालक बुरूज कोठे बसून पाहणार, हे आधी ठरवून घ्यावे.

उत्तर (भुसावळ)
वरील मत मान्य आहे, मात्र या वास्तू निव्वळ हौसेच्या होत्या असे समजू नये. आयर्लंडमध्ये १७४० च्या दुष्काळात कॅथरीन कॉनोली यांनी उपाशी मजुरांना काम मिळावे म्हणून आपल्या कॅसलटाउन या वाड्याच्या मागे कमानींवर उभा असलेला सुमारे ४२ मीटर उंचीचा स्तंभ बांधवला. आपल्याकडील दुष्काळी कामांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. जर्मनीतील पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७४८ मध्ये टेकडीवर रोमन पद्धतीचे भग्नावशेष रचले, ते राजवाड्याच्या कारंज्यांसाठी केलेल्या पाण्याच्या हौदाभोवती. त्याच्या हयातीत ती कारंजी नीट उडाली नाहीत; वाफेचे इंजिन आल्यावर, १८४२ मध्ये, ती चालू झाली. अवशेष मात्र पहिल्या दिवसापासून शोभत होते! बांधकामाविषयी एकच सांगतो : तुटकी दिसणारी कड चुन्यात पक्की बसवा, नाहीतर पावसाचे पाणी मुरून बुरूज खरोखरच ढासळेल.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मालक ओसरीवरून पाहणार असल्याने बुरुजाची तीच बाजू घडवितो आणि ठिबकची टाकी आत बसवितो.