आपला वाडा ग्रुप : आबांची ११ नोव्हेंबर

(२२ सप्टेंबर)

मनोज : दारव्ह्याच्या बाजारात दोघांनी इचारलं, आबा-काकू दिवाळीले अमेरिकेहून येऊन नाई राहिले म्हणे? गावाले माहीत, अन् घरात मलेच माहीत नाई. वा बाप्पा.

प्रियंका : दादा, रागावू नको ना. आईच्या घोट्याचं हाड अजून भरलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने एवढा लांबचा प्रवास नको. आज सांगणारच होते.

मनोज : सोयाबीन सोंगायले आलं, मांगून कापूस. बायाइच्या मजुरीचा हिशेब आबाच पाह्यत. असो. काकूचा पाय पह्यले.

संजूकाका : एवढं टेन्शन काहून घेता? व्हिसा दहा वर्षाचा आहे. म्या सोता पासपोर्टवर पाह्यला. राहू द्या आरामात.

राहुल : काका, ते दहा वर्षं ये-जा करायची मुभा आहे. एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथं उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. प्रियंका, सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा खात्याच्या साइटवरून दोघांचं आय-९४ काढ. तारीख काय आहे?

प्रियंका : दोघांची ११ नोव्हेंबर. १२ मेला उतरले होते.

राहुल : मग मुक्काम वाढवून मागायचा अर्ज, आय-५३९, आजच भरायला घे. मुदत संपायच्या निदान ४५ दिवस आधी भरा असं तिथल्या इमिग्रेशन खात्याचंच म्हणणं आहे. म्हणजे २७ सप्टेंबर. पाच दिवस उरले.

सुनीता आत्या : वहिनी माझ्याकडे कधी दोन दिवस राहिली नाही. तिकडं बरं करमतं. पाय खरंच तेवढा दुखते, का नातू सोडवत नाही?

प्रियंका : एक्स-रे टाकू का ग्रुपवर?

सुनीता आत्या : मी काय वाईट बोलली? काळजीनं विचारलं.

विशाल जावई : एक्स-रे जेवणानंतर टाका. आमच्याकडं पाटोडी सुरू आहे 😄

संजूकाका : व्हिसा दहा वर्षाचा आहे. एजंटानं माह्यासमोर सांगतलं होतं.

राहुल : काका, हात जोडतो. तारखेनंतर तसेच थांबले तर तो दहा वर्षांचा व्हिसाच बाद होतो. मुदतीबाहेर १८० दिवसांच्या वर राहून मग निघाले तर ३ वर्षं परत जाता येत नाही, वर्षभर किंवा जास्त राहिले तर १० वर्षं. आबांना नातवाची मुंज पाहायची आहे ना? वेळेत अर्ज गेला की निकाल येईपर्यंत थांबता येतं. निकालाला महिने लागतात. नामंजूर झाला तर मात्र लगेच बॅगा भरायच्या.

प्रियंका : ऑनलाइन फी ४२० डॉलर आहे, दोघांची मिळून एकच. डॉक्टरांचं पत्र आहे, विमा आहे, परतीचं तिकीट जानेवारीचं केलं. घरी परत जाणार याचा पुरावा जोडायचा आहे. मनोजदादा, सातबारा पाठवशील?

मनोज : आता सातबारा आठोला. वाटणीचं इचारलं तवा "दिवाळीनंतर पाहू".

सुनीता आत्या : वाटणीचं ग्रुपवर नको. जावई आहेत इथं.

विशाल जावई : मी काहीच वाचलं नाही 🙏

मनोज : विषय म्या नाई काहाडला आत्या. सातबाऱ्यावरून निंघाला. पाठवतो. पाठवणार नाई असं म्हटलं का?

राहुल : डिजिटल सहीचा काढ दादा, १५ रुपयांत निघतो. मराठी कागद तसाच चालत नाही, सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून सही करायची. ते मी करतो. गट नंबर, जिरायत जमलं. पोटखराब्याला काय लिहू?

विशाल जावई : जपून लिहा. पोट खराब झालं म्हणून मुक्काम वाढवून राहिले समजतील 😂

राहुल : "लागवडीलायक नसलेलं क्षेत्र" असं इंग्रजीत लिहितो.

संजूकाका : एवढा खर्च करण्यापेक्षा व्हिसा दहा वर्षाचा

सुनीता आत्या : संजू, झोप आता.

मनोज : एक राह्यलं. नोव्हेंबरात आबाइचा हयातीचा दाखला बँकेत द्यावा लागते. नाई गेला तर पेन्शन अटकते. झेडपीतली ३४ वर्षं नोकरी हाये ते.

राहुल : बरं आठवलं दादा. तिथल्या भारतीय दूतावासातून दाखला मिळतो. प्रियंका, वेळ घेऊन ठेव. मनोजदादा, बँकेत त्यांना कोणता नमुना लागतो ते विचारून घे.

मनोज : उद्या जातो. मोतीबाग शाखा उघडली की पह्यला मीच.

(२५ सप्टेंबर)

प्रियंका : अर्ज गेला. पावती नंबर आला. दादा, तुझा सातबारा जोडला. राहुलदादा, भाषांतरही.

सुनीता आत्या : वहिनीले म्हणा, शेक देत जाय. अन् फोन लाव मले.

संजूकाका : चांगलं झालं. पण व्हिसा तर

आबा : मनोज, धुऱ्याकडच्या पऱ्हाटीचा फोटो टाक. बोंडं फुटली का? बायाइले मजुरी आठवड्याच्या आठवड्याले देजो. कपाटात खालच्या खणात वही आहे. तूच लिही आता.

मनोज : हाव आबा. सकायी टाकतो.