मदत हवी आहे: डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ठणठणीत असलेलं इंजिन बॉनव्हिलच्या मिठावर अडीच मैलांत कसं वितळलं?

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे. अर्धवट लिहिलं तर प्रतिसादांत तुम्ही तेच विचाराल, म्हणून सगळं एकदाच सांगून टाकतो.

आम्ही चौघं ऑगस्टच्या स्पीड वीकला (वेगाच्या विक्रमांच्या स्पर्धेला) युटामधल्या बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सवर गेलो होतो. इंजिन चार सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६ मिमी, म्हणजे १९९८ सीसी. टर्बो नाही. इंजिनाच्या सीसीनुसार जी क्लास. फोर्ज्ड पिस्टन, कॉम्प्रेशन १२.५, पिस्टनच्या रिंगांचा गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच, या नेहमीच्या हिशेबाने. पेट्रोल तिथलंच, कारण गॅस क्लासमध्ये (पेट्रोलवर धावणाऱ्यांच्या गटात) तिथे मिळणारं पेट्रोल भरून टाकीला सील ठोकतात. डायनोवर २१५ हॉर्सपॉवर, तेही सलग अकरा वेळा.

मीठवाळवंट समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब ८७ किलोपास्कलच्या आसपास, वर ऑगस्टचं ऊन. त्यामुळे २१५ तिथे मिळणार नाहीत हे धरूनच गेलो होतो. शॉर्ट कोर्स तीन मैलांचा. दोन मैलांपर्यंत सगळं सुरळीत. चाकांचा सेन्सर ताशी १६१ मैल दाखवत होता आणि जीपीएस १४८, म्हणजे ८-९ टक्के चाक नुसतं मिठात घसरत होतं. (गाडी हलकी करण्याच्या नादात इथे फायदा होत नाही, हा धडा वेगळाच. शेजारच्या टीमने गाडीत शिशाच्या विटा भरल्या होत्या.) अडीच मैलांच्या जरा पुढे आवाज एकदम भरडा झाला, मागे पांढरा धूर. ड्रायव्हरने क्लच दाबला, पॅराशूट सोडलं. तो सुखरूप आहे.

हेड काढलं तर तीन नंबरच्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी. वरची रिंग तिथे उघडी पडलेली. बोअरला उभे ओरखडे, नख अडकतं. त्याच सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून बारीक चकाकते ठिपके दिसले. ते मिठाचे कण समजून मी बोटाने पुसायला गेलो. अॅल्युमिनियम निघालं.

लॉगमध्ये लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी) सुरुवातीला ०.८७, शेवटी ०.९४. ०.९४ ला पिस्टन वितळतो का? माझ्या मते नाही. मग काय?

काजळी:
ठिपके म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी भडका), त्यात वाद नाही. तुमचा लॅम्डा सेन्सर चारही एक्झॉस्ट पाइप एकत्र येतात तिथेच असणार. म्हणजे ती चौघांची सरासरी आहे. तिघं बरे आणि एक उपाशी असेल तरी आकडा ०.९४ च येईल. दुसरं, डायनोवर एक पुल (फुल थ्रॉटलची एक चाचणी) किती सेकंदांचा? आठ-दहा? मिठावर फुल थ्रॉटल सव्वा मिनिटाच्या पुढे. दहा सेकंदांत पिस्टनचा माथा तापून स्थिर होईपर्यंत तुम्ही थ्रॉटल सोडलेला असतो. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) डायनोवर होतं तेच ठेवलंत का?

धागाकर्ता:
हो, तेच. दोन डिग्री मागे घ्यायचं बोलणं झालं होतं. रांगेत उभं राहिल्यावर मोह झाला.

रिंगमास्तर:
जुन्या रिंगा फेकू नका. टोकं बघा. गॅप कमी पडून टोकांना टोकं भिडली असतील तर ती आरशासारखी चकाकतात.

धागाकर्ता:
बघितली मास्तर. चारही सिलिंडरची टोकं काळी, मंद. भिडलेली नाहीत.

रिंगमास्तर:
मग गॅपने गुन्हा केलेला नाही. तरी पुढच्या वेळी थोडा वाढवा, मिठावर तेवढी गळती परवडते. आता मिश्रणातलं पेट्रोल का कमी झालं ते शोधा. उंचीवर इंजिनला पेट्रोल कमी लागतं. तरीही मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत गेलं, म्हणजे काहीतरी हळूहळू कमी पडत होतं. अल्टरनेटर आहे का गाडीवर?

धागाकर्ता:
नाही. बेल्ट ओढायला ताकद जाते म्हणून काढला. बॅटरीवरच चालतं सगळं. मूळ गाडीचाच पेट्रोल पंप, कॉइल, पाण्याचा विजेचा पंप. रेडिएटर नाही, बर्फाच्या पाण्याची टाकी आहे. रांगेत दोन तास तो पाण्याचा पंप चालूच होता.

काजळी:
आणि डायनोवर?

धागाकर्ता:
डायनोवर बॅटरीला चार्जर लावलेला होता. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. लॉगमधला व्होल्टेजचा कॉलम आम्ही उघडलाच नव्हता. रनच्या सुरुवातीला १२.१, अडीच मैलांवर ११.०.

रिंगमास्तर:
पंप टेबलावर लावा. रेग्युलेटरवर नेहमीचा दाब ठेवून तीस सेकंदांत किती मिली येतं ते दोन्ही व्होल्टेजला मोजा. इंजेक्टर उघडायला व्होल्टेज कमी झाल्यावर जास्त वेळ लागतो, तो तक्ता ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) कुणी भरला होता तेही विचारा.

धागाकर्ता, दोन दिवसांनी:
मोजलं. १३.८ व्होल्टला तीस सेकंदांत ६८० मिली. ११ व्होल्टला ४४०. त्या उंचीवर आमच्या इंजिनाला माझ्या हिशेबाने साधारण ४८० लागतात. इंजेक्टरचा तक्ता ईसीयूबरोबर आलेला, तसाच ठेवलेला. नवा मोठा पंप, दुसरी बॅटरी, पेट्रोलच्या दाबाचा सेन्सर आणि चारही पाइपांना वेगळा सेन्सर, एवढं ठरलं. टायमिंग तीन डिग्री मागे.

आता दोन गोष्टी अडल्यात. ओरखडे काढायला बोअर ८६.५ केला तर इंजिन २०२२ सीसीचं होतं, आणि जी क्लासची हद्द २०१५ सीसीला संपते. पुढच्या एफ क्लासमध्ये तीन लिटरवाल्यांसमोर आमचं काय होणार! ८६.२५ केला तर २०१० सीसी, पण तेवढ्याने ओरखडे निघतील का, शंका आहे. एकट्या तीन नंबरला स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून बाकीचे ८६ च ठेवले तर चालतं का? कुणी केलंय?

आणि तीनच नंबर का? पेट्रोलची रेल (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) एक नंबरकडून भरते, त्या न्यायाने चार नंबर आधी जायला हवा होता.

काजळी:
स्लीव्ह घालून झालेली इंजिनं बघितली आहेत. बसवल्यावर डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) पुन्हा घासून घ्या, नाहीतर हेड गॅस्केट तिथेच रडेल. तीन नंबरचं म्हणाल तर गॅस्केट टाकली नसेल तर ती प्रकाशासमोर धरा आणि पाण्याची भोकं मोजा. तीन आणि चारच्या मधलं भोक उघडं आहे का ते आधी सांगा.